डोळे मिटल्यावर सूचना आपल्या भाषेत हव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक योग दिन जवळ आला की बेळगावात ध्यानवर्गांच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी ध्यान म्हणजे पाठ ताठ ठेवून निश्चल बसणे, असेच गृहीत धरलेले असते. दिवसभर विड्या वळणाऱ्या निपाणीच्या बायकांना किंवा मागावर बसणाऱ्या वडगाव-शहापूरच्या विणकरांना संध्याकाळी पुन्हा मांडी घालून बसायला सांगणे कितपत शहाणपणाचे आहे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवसांपासून पडलेला आहे. अशांसाठी ‘आवर्तन ध्यान’ हा हालचालीतून साधायचा प्रकार अधिक सोयीचा आहे. मात्र आपल्या भागात तो ज्या पद्धतीने शिकवला जातो, त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

हा प्रकार बंगळूरजवळ जिगणी येथे असलेल्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाचे डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी बसवला. ते मूळचे यांत्रिकी अभियंते. मांडणी आधुनिक असली, तरी तिचा आधार गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकांत, म्हणजे मांडूक्य उपनिषदावरील श्लोकबद्ध विवरणात, आहे. ‘लये संबोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः’ या कारिकेचा आशय असा की, मन पेंगू लागले तर त्याला जागे करावे, भरकटले तर शांत करावे, त्यात मुरलेली ओढ ओळखावी आणि ते समस्थितीला आले की मग त्याला ढवळू नये. या सूत्राप्रमाणे येथे आसन आणि विश्रांती आलटून पालटून येतात. प्रथम आडवे पडून शरीर एकदा घट्ट आवळून सैल सोडायचे, मग सावकाश उभे राहून अर्धकटिचक्रासन (कमरेतून बाजूला झुकणे), पादहस्तासन (पुढे वाकणे) व अर्धचक्रासन (मागे वाकणे) करायचे, पुन्हा विश्रांती घ्यायची, त्यानंतर बसून शशांकासन (पुढे वाकणे) व उष्ट्रासन (गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकणे) करायचे आणि शेवटी दीर्घ शवासनाने सांगता करायची. एवढ्याला साधारण अर्धा तास लागतो.

आसने ओळखीचीच आहेत. अनोळखी आहे ती गती. अर्धकटिचक्रासनात उजवा हात बाजूने वर नेताना तो खांद्याच्या रेषेत आला की थांबायचे, तळवा आकाशाकडे वळवायचा आणि मगच दंड कानाला टेकेपर्यंत हात चढवायचा. उतरतानाही तितकीच सवड घ्यायची. हात मांडीपाशी परत आला की बोटांच्या टोकांशी रक्त उतरल्याची झिणझिण जाणवते, आणि ध्यान करायचे ते नेमके त्या झिणझिणीचे. शाळेच्या पटांगणावर ‘एक, दोन, तीन’ च्या ठेक्यावर सूर्यनमस्कार घातलेल्या आमच्या पिढीला हे प्रारंभी फार कंटाळवाणे वाटते, हे कबूल केले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. एरवीच्या योगवर्गात एखादी सूचना कळली नाही, तर माणूस हळूच शेजाऱ्याकडे पाहतो आणि तो करेल तसे करतो. आवर्तन ध्यानात डोळे पहिल्यापासून शेवटपर्यंत मिटलेले असतात, त्यामुळे साधकाला आधार असतो तो केवळ कानावर पडणाऱ्या सूचनांचा. मी ज्या वर्गाला जाते तेथे या सूचना ध्वनिमुद्रित कन्नड व इंग्रजीत ऐकवल्या जातात. शिक्षक मनापासून शिकवतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु खानापूरकडच्या खेड्यांतून आलेल्या, बाजारापुरतेच कन्नड बोलणाऱ्या आजीबाई दर दोन मिनिटांनी डोळे किलकिले करून आजूबाजूला पाहतात, आणि तेथेच ध्यान संपते. कन्नड भाषकांना कन्नडमध्ये आणि मराठी भाषकांना मराठीत सूचना मिळाव्यात, एवढेच म्हणणे आहे. कृपया यात कोणी सीमावाद शोधू नये.

या प्रकाराच्या परिणामांविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० पुरुषांची तपासणी केली होती. आवर्तन ध्यानानंतर त्यांचा प्राणवायूचा वापर सुमारे ३२ टक्क्यांनी घटला, तर नुसत्या शवासनानंतर सुमारे १० टक्क्यांनी. आकडे बोलके आहेत खरे, पण यावरचे बरेचसे संशोधन पद्धत बसवणाऱ्या संस्थेशीच निगडित आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. रक्तदाब, चक्कर किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी पादहस्तासन व उष्ट्रासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. जाहिरातींत ही सूचना सहसा नसते.

बेळगाव, खानापूर व निपाणी येथील योगशिक्षकांपैकी ज्यांचा आवाज संथ आणि उच्चार स्वच्छ आहेत, अशा कोणी या सूचना साध्या घरगुती मराठीत ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी विनंती आहे. प्रत्येक सूचनेनंतर मोकळी जागा मात्र भरपूर ठेवावी, कारण घाईने दिलेल्या सूचनांनी हा प्रकार पुन्हा कवायत होऊन बसतो. दरम्यान, आपण एखाद्या जाणकार शिक्षकाकडून त्या लिहून घेऊन रविवारच्या पुरवणीत छापल्यात, तर घरातील एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी करावे, अशी सोय लगेच होऊ शकेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, शहापूर, बेळगाव