भाकरी मोडते ती जुन्या पिठामुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून ज्वारी-बाजरी-नाचणी खा, असं सगळीकडून सांगितलं जातं. सल्ला योग्यच आहे. पण शहरातल्या अनेक घरांत पिठाचं पाकीट येतं, भाकरी थापताना चिरते, उचलताना मोडते आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून पुन्हा पोळीच सुरू होते. यात दोष हाताचा कमी, पिठाचा जास्त असतो.

ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारं प्रथिन, नसतं. भाकरी टिकते ती ताज्या पिठाच्या विरीवर, म्हणजे चिकटपणावर, आणि दळून जितके दिवस होतील तितकी विरी जाते. पाकिटावरची मुदत पीठ खाण्याजोगं आहे एवढंच सांगते. त्याची भाकरी होईल का, हे सांगत नाही. बाजरी तर आणखी नाजूक. तिच्यात तेलाचा अंश 5 टक्क्यांच्या आसपास असल्याने पीठ लवकर खवट, कडू होतं. म्हणून धान्य आणून ठेवावं आणि दळण आठवड्यापुरतंच करावं. मध्यम भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं. रोज सहा भाकऱ्या धरल्या तरी आठवड्याला अडीच किलो पुरतं. ज्वारी घेताना रब्बीची, मालदांडीसारखी, पांढरी आणि टपोरी पाहावी. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की बुरशीने काळी पडते, ती घेऊ नये.

सगळं पीठ एकदम भिजवू नये. एका भाकरीपुरतं घेऊन कोमट पाण्याने तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं रगडून मळावं. कडा चिरत असतील तर पाणी किंवा मळणं कमी पडलंय. थापल्यावर पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकावी, लगेच वरून पाणी फिरवावं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटावी. उशीर झाला की तडे जातात आणि भाकरी फुगत नाही. घरातलं जुनं पीठ टाकून द्यायची गरज नाही. वाटीभर पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवावं आणि गरम असतानाच मळावं. उकडीने गेलेली विरी बरीचशी भरून निघते.

‘शुगर असेल तर भाकरी कितीही खा’ हा समज मात्र सोडायला हवा. 60 ग्रॅम ज्वारीतून सुमारे 40 ग्रॅम कर्बोदकं मिळतात. भाकरी मोजूनच खावी आणि तिच्याबरोबर आमटी, मटकीची उसळ किंवा पालेभाजी भरपूर असावी. धान्यात कमी असलेलं लायसिन, हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक, डाळी-कडधान्यांतून मिळतं. नुसत्या ठेच्याबरोबर तीन भाकऱ्या खाणं म्हणजे पोट भरणं झालं, जेवण नव्हे. बाजरीतलं लोह अंगी लागावं म्हणून ताटात लिंबाची फोड घ्यावी आणि चहा जेवणानंतर तासाभराने प्यावा.

ज्वारी-नाचणीची बिस्किटं हा भाकरीला पर्याय नाही. पाकिटाच्या मागचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. मैदा, साखर आणि पामतेल ही नावं आधी आणि नाचणी त्यानंतर असेल, तर पुढच्या बाजूला कणसाचं कितीही मोठं चित्र असो, ती मैद्याचीच बिस्किटं आहेत.

गिरणीचालकांना एक विनंती. गव्हावर ज्वारी दळली की पिठात गहू मिसळतो. ज्यांना गहू वर्ज्य आहे अशा सिलिॲकच्या रुग्णांना तेवढाही त्रास देतो. शक्य तिथे ज्वारी-बाजरीसाठी वेगळं जातं ठेवावं. ते जमत नसेल, तर आठवड्यातला एक वार ठरवून आधी यंत्र साफ करावं, सुरुवातीचं थोडं पीठ बाजूला काढावं आणि त्या दिवशी ज्वारीवर ज्वारीच दळावी. तरीही सिलिॲकच्या रुग्णांसाठी घरच्या वेगळ्या चक्कीवर दळलेलंच पीठ वापरावं.

– एक वाचक, सोलापूर