ती ‘निरुपयोगी झुडपे’ करवंदाच्या जाळ्या होत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेकडी ‘साफ’ करून झाडे लावल्याची कालची बातमी वाचली आणि रात्री नीट झोप लागली नाही. जेसीबीने काढलेल्या ‘निरुपयोगी काटेरी झुडपां’ना तुम्ही अर्धी ओळ दिली आहे. तुमच्याच फोटोत कडेला फांद्या पडल्या आहेत. त्यावरचे जोडीजोडीने फुटलेले काटे बघा. त्या करवंदीच आहेत.

आमच्या गावी घरामागच्या माळावर करवंदीची मोठी जाळी होती. लहानपणी मी ती तोडायला कोयता घेऊन निघालो, तेव्हा वडिलांनी हात धरला आणि वाकून आत बघायला लावलं. मधोमध ऐनाचं कमरेएवढं रोप उभं होतं. बाहेरचं सगळं शेळ्यांनी ओरबाडलेलं, पण काट्यांच्या आत त्यांचं तोंड पोचत नव्हतं. वरच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं होतं. पुढे तो ऐन जाळीच्या वर गेला. मग प्लॉटिंगवाल्यांनी एका दिवसात जाळी, ऐन सगळं सपाट केलं आणि पहिल्याच पावसात ओढा तांबडा झाला. वडील तेव्हा हयात होते. ते त्या बाजूला फिरकेनासे झाले.

कातळावर, मुरमाड उतारावर, जिथे वीतभर माती नाही, तिथे करवंद आपली आपण वाढते. कुणी पाणी घालत नाही. तिच्या जागी तुमच्या फोटोत मध्य अमेरिकेतल्या गिरिपुष्पाची रोपं रांगेत लावलेली दिसतात! आणि एप्रिल-मेमध्ये पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या कातकरी बायकांनी यंदा कुठे जायचं? २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून फळं-पानं असं जंगलातलं उत्पन्न, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. जाळीच उरली नाही तर त्या हक्काचं काय करायचं? तुमच्या वार्ताहराने त्यांच्यापैकी एकीशी तरी बोलायला हवं होतं.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या पुरवणीत ‘डोंगरची काळी मैना’ या मथळ्याखाली गुलाबी-पांढऱ्या करवंदांचा फोटो आहे. ती बागेत लावतात ती जात. पाकात घालून, रंग देऊन चेरी म्हणून खपवतात तीच. डोंगरातलं करवंद पिकलं की काळंभोर होतं, आणि देठाशी तोडलं की पांढरा चीक बोटांना चिकटतो. मुलं ते फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी म्हणतात.

फोटोची दुरुस्ती छापावी. आणि त्या टेकडीच्या दुसऱ्या उतारावरच्या जाळ्या अजून शाबूत असतील, तर तिथे जेसीबी चढण्याआधी वार्ताहराला एकदा पाठवावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना वाचक