वैशाखात पुरंदरचा वाटाणा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या उपनगरातील मैदानावर दर रविवारी भरणाऱ्या शेतकरी बाजाराविषयी आपल्या प्रतिनिधीने लिहिलेला कौतुकाचा लेख सोमवारच्या अंकात वाचला. लेख चांगला उतरला आहे आणि छायाचित्रे त्याहून चांगली आहेत. ‘शेतातून थेट ताटात’ हा मथळा तर आमच्या सोसायटीत दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. त्याच रविवारी, त्याच मैदानावर, सकाळी साडेसातला मीही पिशवी घेऊन उभी होते. मला जे दिसले ते आपल्या प्रतिनिधीला कसे दिसले नाही, एवढेच विचारण्यासाठी हे पत्र.

लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात डाव्या हाताला हिरव्यागार वाटाण्याची रास आहे. त्याच राशीतून मी पाव किलो वाटाणा मागितला होता. भाव दोनशे रुपये किलो. मी काही विचारण्याआधीच विक्रेत्याने सांगून टाकले, ‘‘घरचा माल आहे मावशी, पुरंदरचा. काल संध्याकाळी तोडलाय.’’ माझे माहेर पुरंदर तालुक्यातले आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

पुरंदरचा वाटाणा पावसावर येतो. जूनमध्ये पाऊस झाला की पेरणी होते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सासवडच्या बाजारात वाटाण्याच्या गोण्यांवर गोण्या उतरतात. वैशाखात आमच्या भागातल्या कित्येक वाड्यांवर पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे वाटाण्याला पाणी कोण पाजणार? शिवाय वाटाणा हे थंड हवेचे पीक असून एवढ्या उन्हात त्याचा फुलोराच टिकत नाही. या दिवसांत पुण्यात जो वाटाणा येतो तो हिमाचलच्या डोंगरांतून येतो, आणि मंडईत त्याला सरळ ‘शिमल्याचा वाटाणा’ म्हणूनच विकतात. हिमाचल प्रदेश पुरंदर तालुक्यात विलीन झाल्याची बातमी आपण कोणत्या पानावर छापली होती, ते कृपया कळवावे. माझ्या नजरेतून ती सुटली असावी.

तरीही आपली चूक होऊ नये म्हणून मी एक शेंग उचलून पाहिली. आदल्या संध्याकाळी तोडलेली शेंग मोडली की टचकन आवाज येतो. ही नुसती वाकली. देठ काळपट पडून वाळलेला होता, शिवणीच्या कडेला पिवळी रेघ धरली होती, आणि शेंग हाताला गार, ओलसर लागत होती, जशी ती बराच काळ थंडाव्यात राहिल्यावर लागते. ‘‘पेरला कधी होता?’’ असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, ‘‘ते भाऊ बघतो.’’ मागे ज्या गोणीतून तो रास वाढवत होता तिच्यावर निळ्या शाईत गाळ्याचा क्रमांक आणि अडत्याचा मार्का होता. आपल्या छायाचित्रातही त्या गोणीचा कोपरा आला आहे. भिंग लावून पाहावे. थोडक्यात, माल शेतातून थेट ताटात न येता शिमल्याहून गुलटेकडीच्या घाऊक बाजारात आला, तेथे अडत, हमाली, तोलाई झाली, आणि मग शेतकऱ्याचे नाव लावून आमच्या मैदानावर दाखल झाला.

प्रवेशद्वाराशी संयोजकांचे टेबल होते. तेथील तरुणाने अत्यंत सौजन्याने सांगितले की येथील सर्व विक्रेते ‘नोंदणीकृत शेतकरी’ आहेत. नोंदणी करताना सातबारा पाहता का, असे मी विचारले. तो हसून म्हणाला, ‘‘काकू, तुम्हाला भाजी घ्यायची आहे की जमीन?’’ आजूबाजूचे चारजण हसले. मलाही हसू आले, हे मान्य करते. पण घरी येईपर्यंत ते मावळले.

या तरुणाच्या डोक्यावरच्या फलकावर संत सावता माळी यांचे चित्र होते. राज्य कृषी पणन मंडळाने २०१६ साली सावता महाराजांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केले. त्याच वर्षी बाजार समितीच्या आवाराबाहेरची फळे-भाजीपाल्याची विक्री नियमनमुक्त झाली होती, म्हणजे शेतकऱ्याला आपला माल शहरात आणून स्वतः विकण्याची वाट मोकळी झाली होती. आमच्या मैदानावरच्या बाजाराचा त्या अभियानाशी काही संबंध नाही. त्यांनी तेथून फक्त चित्र उचलले आहे. अरणच्या ज्या संताला आपल्या मळ्यातच पांडुरंग भेटला, त्याच्या फोटोखाली मळाच नसलेली माणसे ‘घरचा माल’ विकत बसली आहेत.

वाटाणेवाल्याच्या टेबलावर मी सहज मोजले तर बावीस प्रकारच्या भाज्या होत्या, त्यांत ब्रोकोली आणि झुकिनीसुद्धा होती. एका घरच्या शेतात एकाच दिवशी बावीस भाज्या तोडणीला येत असतील, तर आपल्या प्रतिनिधीने लेख बाजारावर न लिहिता त्या शेतावर लिहायला हवा होता.

खरा शेतकरी त्या मैदानावर नाही असे मात्र मी म्हणणार नाही. अगदी शेवटी, गाड्या लावतात त्या कडेला, मांडवाच्या सावलीबाहेर भोर तालुक्यातले एक जोडपे बसते. त्यांच्याकडे फलक नाही आणि हिरवे ॲप्रनही नाही. या रविवारी त्यांच्यापुढे राजगिऱ्याच्या जुड्या, चवळीच्या शेंगा, कैऱ्या आणि ओल्या फडक्याखाली झाकलेली पाटीभर करवंदे एवढेच होते. गवार आहे का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, ‘‘आज नाही निघाली. बुधवारपर्यंत निघंल.’’ दुकानदाराच्या तोंडून हे वाक्य कधी येत नाही. त्याच्याकडे बाराही महिने सगळे असते, कारण त्याला ते कुठूनही आणता येते. ज्याचे शेत आहे त्यालाच ‘नाही’ म्हणावे लागते. जागेचे भाडे त्यांना वाटाणेवाल्याएवढेच, म्हणजे पाचशे रुपये पडते, असे त्यांच्याकडून कळले. हजार-बाराशेच्या मालावर पाचशे भाडे आणि टेम्पोचा वाटा वेगळा! पावसाळ्यानंतर हे जोडपे यायचे बंद झाले तर नवल वाटायला नको, आणि त्यांच्या जागी कोण येईल तेही सांगायला नको.

आमच्या शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे असे की माल ताजा दिसतो, मैदानावर गाडी लावायला जागा मिळते, मग तो कोणी पिकवला याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? त्यांना काही करायचे नसेल तर माझी हरकत नाही. पण मग त्यांनी आमच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याकडून घ्यावे. त्याच दिवशी परतताना मी त्याच्याकडे वाटाणा पाहिला. ‘‘शिमल्याचा आहे ताई, महाग पडतो,’’ असे त्याने न विचारता सांगितले. भाव एकशे साठ. ज्याने खरे सांगितले त्याच्याकडे किलोमागे चाळीस रुपये कमी. पालिकेची अतिक्रमणाची गाडी आली की या माणसाला काटा घेऊन पळावे लागते, आणि ‘शेतकऱ्या’ला मात्र मांडव, ध्वनिक्षेपक आणि आपल्या अंकात पाऊण पान मिळते.

येथे आपल्याविषयीचीही एक तक्रार सांगून टाकते. पूर्वी आपल्या अंकात गुलटेकडीचे बाजारभाव रोज ठळक छापून येत. फळभाज्यांचे दहा किलोंचे, पालेभाज्यांचे शेकडा जुडीचे. गेले काही महिने ते कधी राशिभविष्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत असतात, तर कधी जाहिरात आली म्हणून नसतातच. या रविवारीही ते नव्हते. ते असते, तर दहा किलो वाटाणा काय भावाने उतरला आणि माझ्याकडून किलोला किती मागितले जात आहेत, हे मला टेबलासमोर उभ्या उभ्या ताडता आले असते. ‘आरोग्यदायी सॅलडच्या सात पाककृती’ एखादा दिवस वगळल्या तरी वाचकांची प्रकृती बिघडणार नाही, अशी माझी खात्री आहे.

संयोजकांकडून माझी अपेक्षा फार नाही. विक्रेत्याच्या टेबलावर गाव आणि त्या आठवड्यात शेतात असलेली पिके यांची पाटी लावावी, व्यापाऱ्यांना बसवायचेच असेल तर वेगळ्या रांगेत व्यापारी म्हणून बसवावे, आणि भाडे मालाच्या अंदाजाने घ्यावे. महाग भाजीबद्दल माझी तक्रार नाही. भोरच्या बाईंकडे राजगिऱ्याची जुडी मंडईपेक्षा पाच रुपयांनी महाग होती आणि मी ती एक शब्द न बोलता घेतली.

आपल्या प्रतिनिधीला पुन्हा पाठवणार असाल तर कृपया दहा वाजता पाठवू नये. पहाटे साडेपाचला मैदानाच्या मागच्या फाटकाशी उभे राहिले म्हणजे कोणत्या टेम्पोतून काय उतरते ते दिसते, आणि भोरचे जोडपे नऊच्या सुमारास पाटी रिकामी करून निघून जाते.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे