विटल्सबाखचा नसलेला किल्ला दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

दिवाळी अंकातला लेख छापून आला. वर नाव माझं असलं तरी निम्मं श्रेय तुमचं, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

जर्मनीतल्या बव्हेरियावर लिहायचं म्हणजे नॉयश्वानस्टाइनचा प्रसिद्ध किल्ला, हे जवळजवळ ठरलेलंच. "तो सगळेच बघतात, तू आयखाखला चल," म्हणत तुम्ही ऑग्सबुर्गहून गाडी काढलीत. ११८० ते १९१८ बव्हेरियावर राज्य करणाऱ्या घराण्याला ज्याने नाव दिलं, तो विटल्सबाखचा किल्ला! तिथे आहे काय, तर झाडीतली टेकडी, एक लहानसं गॉथिक चर्च आणि १८३४चं टोकदार स्मारक. ना बुरूज, ना तट. एकटी असते तर चार फोटो काढून परत फिरले असते.

तुम्ही मात्र आधी खंदकात उतरवलंत. तळाशी उभं राहून मान वर केली तेव्हा टेकडीचा तो सरळ कापलेला उतार नजरेत भरला. मग तिथेच तुम्ही १२०८ सालात शिरलात. २१ जूनला बांबेर्गमध्ये जर्मनीचा राजा फिलिप पुतणीच्या लग्नाला आला होता. उपचार म्हणून शिरेतून रक्त काढवून घेऊन दुपारी विश्रांती घेत असताना विटल्सबाखच्या आठव्या ओटोने तलवारीने त्याचा गळा चिरला. राजाने आपल्या मुलीशी ठरलेली ओटोची सोयरीक मोडली, हा राग होता म्हणतात. ओटोला साम्राज्याबाहेर काढलं. पुढच्या मार्चमध्ये केलहाइमजवळ त्याला गाठून मारलं आणि मुंडकं डॅन्यूबमध्ये फेकलं.

किल्ला पाडला कुणी, हे तुम्ही मुद्दाम शेवटी सांगितलंत. ओटोच्याच सख्ख्या चुलतभावाने, बव्हेरियाच्या ड्यूक लुडविगने! आपल्याकडे १८१८नंतर गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या त्या इंग्रजांनी. शत्रूने केलेलं समजतं. इथे भाऊबंदांनीच मूळ घर जमीनदोस्त केलं आणि नाव मात्र सातशे वर्षं मिरवलं. मला तरी यात लाजेपेक्षा हिशेब जास्त दिसतो. राजाच्या खुन्याशी आपला संबंध नाही, हे लुडविगला सगळ्यांना दाखवायचंच होतं. लेखाचा कणा हाच झाला, आणि तो तुमच्या त्या खंदकातल्या गप्पांतून आला.

आयखाखच्या वेशीतल्या संग्रहालयात उत्खननात निघालेल्या वस्तूंपुढच्या जर्मन पाट्या तुम्ही एकेक करून मराठीत सांगितल्यात. मी "हं, पुढे?" म्हणत वहीत उतरवत होते. काकूंचा जेवणासाठी दोनदा फोन येऊन गेला, तरी तुम्ही जागचे हलला नाहीत! त्यांचीही माफी मागायची राहिली आहे.

अंक कुरियरने निघाला आहे, सोबत आईने केलेल्या चकल्या आहेत. लुडविगचाही पुढे १२३१मध्ये केलहाइमलाच खून झाला, हे तुम्ही गाडीत बसता बसता सांगून मला लटकत ठेवलंत. पुढच्या खेपेला तिकडे न्यायचं कबूल केलं आहेत, विसरू नका.

तुमची,
अंकवाली पुतणी