मोठेपणी टिकून राहिलेले दुधाचे दात

मा. संपादक,

दुधाचे वीसही दात साधारण बारा-तेरा वर्षांपर्यंत पडतात. तरी काहींचा एखादा दात चाळिशीतही जागेवर असतो, कारण बहुधा त्याखालचा कायमचा दात जन्मतःच तयार झालेला नसतो. खालच्या जबड्यातील दुधाची दुसरी दाढ अशी राहिलेली अनेकदा आढळते. माझ्या धाकट्या बहिणीची ती दाढ शेजारच्या दातांहून किंचित बुटकी, अधिक पांढरी आणि झिजून सपाट झालेली आहे. येथील एका दवाखान्यात एक्स-रे न काढताच ती उपटण्याचा सल्ला मिळाला, याचे फार वाईट वाटले. दुसरीकडे काढलेल्या एक्स-रेत मुळे शाबूत दिसली आणि दाढ वाचली. असा दात नीट जपल्यास कित्येक वर्षे काम देतो. खाली कायमचा दात अडकलेला असेल, तर मात्र ते वेळीच कळलेले बरे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीत दातांच्या तक्रारीही पाहिल्या जातात. त्या वेळी कोल्हापूर महापालिकेच्या शाळांतील सातवी-आठवीच्या मुलांचे न पडलेले दुधाचे दात आवर्जून नोंदवून पालकांना तशी चिठ्ठी द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर