चिंचोके टाकू नका, शाळेत द्या

सर्व ग्रामस्थ, माजी विद्यार्थी, माहेरवाशिणी आणि कामानिमित्त पुण्या-मुंबईला असलेले गावकरी यांना शाळा व्यवस्थापन समितीचा सप्रेम नमस्कार.

गावात सध्या घरोघर चिंचा फोडणं चालू आहे. अंगणात गोणपाट पसरलेलं, एका बाजूला गर, दुसऱ्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग. हल्ली चिंचोकेही व्यापारी नेतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी त्या ढिगातले ओंजळभर शाळेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गासाठी बाजूला काढा, अशी विनंती आहे. ती कशासाठी, ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्या शाळेत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात. मुलं एकतीस, बाई एकच. गेल्या श्रावणात समितीतले आम्ही चौघं एका सकाळी त्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. बाईंनी दुसरीच्या मुलांना ‘त्रेपन्न’ लिहायला सांगितलं. निम्म्या पाट्यांवर ३५ आलं. आमच्यातल्या एकाच्या तोंडून ‘अरे, एवढंही येत नाही!’ असं निघून गेलं. बाई मात्र कुणावर रागावल्या नाहीत. त्यांनी ज्वारीच्या धाटाच्या सारख्या कापलेल्या काड्या मुलांपुढे ठेवल्या आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावले. ज्या मुलीने ३५ लिहिलं होतं, तिने पाच गठ्ठे बांधले, तीन काड्या सुट्ट्या उरल्या. ती थोडा वेळ काड्यांकडे बघत राहिली, मग कुणी न सांगता पाटी पुसली आणि ५३ लिहिलं.

तिने आधी ऐकलं होतं ते बरोबरच ऐकलं होतं. आपल्या मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतात आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी. ‘एकोणसाठ’ तर त्याहून अवघड, कानावर साठ पडतं म्हणून मूल ६९ लिहितं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी नावं जोडून आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, ते आठवत असेल. त्या वादात आम्हाला पडायचं नाही. बावीस, त्रेपन्न, एकोणसाठ हे शब्द आपल्या मुलांना आलेच पाहिजेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. पण ते हातात गठ्ठा घेऊन आले पाहिजेत, नुसत्या घोकण्याने नकोत.

दिवाळीनंतर हातच्याची वजाबाकी आली. त्रेपन्नातून सत्तावीस. तीन सुट्ट्या काड्यांतून सात कशा द्यायच्या? एका मुलाने सरळ एका गठ्ठ्याचं रबर काढलं. झाल्या तेरा काड्या. आमच्या पिढीने हातचा पाठ केला, त्यावरून छड्याही खाल्ल्या. हातचा घेणं म्हणजे एक गठ्ठा सोडणं, हे आम्हाला त्या सात वर्षांच्या मुलाकडून कळलं.

अक्षरांचंही तसंच. पहिलीत येणाऱ्या काही मुलांच्या बोटांत पेन्सिल धरण्याइतकं बळ नसतं. त्यांना रेघा ओढायला बसवलं की हात दुखतो आणि लिहिण्याचाच कंटाळा येतो. माती मळली, मणी ओवले, कागद चिमटीने फाडून चिकटवला की बोटं तयार होतात. मग परातीत वाळू पसरून त्यात ‘ग’ गिरवायचा. चुकला तर हात फिरवायचा, वाळू पुन्हा कोरी. वहीवरची लाल फुली तिथे नसते, म्हणून मूल दहा वेळा गिरवतं.

यात नवीन काही नाही. बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम केलं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंचं साहित्य उत्तम, पण खेड्याला न परवडणारं. ताराबाईंनी आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, शिंपले, पानं, खडे यांतूनच शिकवण्याचं साहित्य उभं केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून, हाताने करून शिकावं असंच म्हटलं आहे. धोरण आहे, बाईंची तयारी आहे. कमी आहे ती वस्तूंची, आणि वस्तू आपल्या घरात पडून आहेत.

चिंचोके मोजायला हवेत, शिवाय फोडून एक बाजू पांढरी केली की फाशांसारखे टाकून बेरजा करता येतात. धुतलेली बाटल्यांची झाकणं, मोठी बटणं, सागरगोटे, शिंप्याकडच्या रंगीत चिंध्या, लग्नपत्रिकांचे जाड कागद, सुताराकडचे रंधा मारलेले लाकडाचे तुकडे, जुनी पितळी घंटीसुद्धा चालेल.

आणि एक खास मागणी. माळ्यावर, कणगीमागे आजीच्या काळची धान्याची मापं असतील. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. अर्धं, पाव, दुप्पट, चौपट हे सगळं त्यात आहे, आणि मूल ते ज्वारी ओतून स्वतः पडताळून बघू शकतं. लिटर-किलो आम्ही शिकवणारच आहोत, पण अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव हे कळायला चिपट्या-मापट्यासारखं दुसरं साधन आम्हाला सापडलं नाही. मापं कायमची द्यायची नसतील तर वर्षभरासाठी द्या, नाव लिहून ठेवू आणि परत करू.

काही वस्तू मात्र कृपा करून देऊ नका. गुंजा दिसायला सुंदर, पण त्यांची बी विषारी असते. एरंडाचं आणि कण्हेरीचं बीही नको. काचेच्या बांगड्या, गंजलेले डबे, घड्याळाचे छोटे गोल सेल नकोत. सहा वर्षांचं मूल हातातली वस्तू तोंडात, नाकात घालतं. म्हणून आलेली प्रत्येक गोष्ट बाई आणि समितीतल्या दोन माता निवडून, धुऊन मगच वर्गात ठेवतील.

पैसेही लागणार आहेत. पूर्वी एकदा शाळेला गणिताची पेटी मिळाली होती. मोडेल, हरवेल या धास्तीने ती कुलपात राहिली. बाहेर काढली तेव्हा दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि पुठ्ठ्यांना बुरशी आली होती. ती चूक आम्हा मोठ्यांची. म्हणून या वेळी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीची उघडी लाकडी मांडणी आणि झाकणाचे डबे करायचे आहेत. मांडणीला १४,००० रुपये, चार सतरंज्यांना ४,००० आणि डबे, तराजू, रबरं, रंग यांना ६,००० असा एकूण २४,००० रुपयांचा अंदाज आहे. समितीच्या सदस्यांनी मिळून ७,५०० रुपये जमवले आहेत. उरलेले १६,५०० रुपये गावाने उचलावेत ही विनंती. शंभर रुपयेही मोलाचे आहेत. प्रत्येकाला शाळेची पावती मिळेल आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.

ज्यांना वस्तू किंवा पैसे देणं जमणार नाही त्यांनी एक तास द्यावा. कुंभारदादांनी मुलांना चिखल कसा तुडवायचा ते दाखवावं. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी टेपने मापं घ्यायला शिकवावं. आज्यांनी जात्यावर मूठभर धान्य दळून दाखवावं, सोबत ओव्या म्हणाव्यात. बाई एकट्या आहेत, एकतीस जोडी हातांना त्या एकाच वेळी पुरणार नाहीत. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी आलात तर फार बरं.

बाहेरगावी असलेल्यांनी यात्रेला गावी येताना वस्तू घेऊन यावं. यात्रेच्या दोन्ही दिवशी सकाळी शाळेची खोली उघडी ठेवू, सदस्य तिथे बसलेले असतील. मे महिन्यात मांडणी करून घ्यायची आहे आणि जूनमध्ये नवी पहिली येईल त्या दिवशी डबे भरलेले असायला हवेत. चिंचोके आणताना उन्हात दोन दिवस वाळवून आणा, नाहीतर पावसाळ्यात किडतात.

आपली नम्र,
शाळा व्यवस्थापन समिती