घटकांचे चित्रपट ऐकवणाऱ्या दीदींना

आदरणीय दीदी,
सप्रेम नमस्कार.

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या जन्मशताब्दीनिमित्त आम्ही काही मित्रमंडळींनी त्यांचे चित्रपट ओळीने पाहायला घेतले आणि तुम्ही हातातली कामं बाजूला ठेवून आमच्यात येऊन बसलात. पडद्यावर सबटायटल्स होती, पण ती संवादांपुरती. घटकांची निम्मी गोष्ट गाण्यांत आणि आवाजांत असते. ती आमच्यापर्यंत पोचली ती तुमच्यामुळे.

‘मेघे ढाका तारा’मध्ये (१९६०) क्षयाने खंगलेली नीता घराबाहेर पडते, तेव्हा मागे बायकांच्या आवाजात उमेचं गाणं ऐकू येतं. तुम्ही तिथे चित्रपट थांबवायला सांगितलात. उमा म्हणजे दुर्गा, शरदात माहेरी आलेली लेक. विजयादशमीला ती सासरी निघते आणि आईच्या डोळ्यांना धार लागते. आमच्याकडे गौरी माहेरपणाला येतात, त्यामुळे पुढचं सांगायची गरज उरली नाही. नीताला तर सासरच नाही. अख्खं निर्वासित घर तिच्या पगारावर जगलं, तिचं ज्याच्यावर प्रेम होतं तो धाकट्या बहिणीचा नवरा झाला, आणि आता तिची पाठवणी होतेय ती अशी! त्याआधी रवींद्रसंगीतावर चाबकाचे फटकारे का ऐकू येतात, तेही मग वेगळं समजवावं लागलं नाही.

‘कोमल गांधार’मध्ये पद्मा नदीकाठी रूळ संपतात. पलीकडे पूर्व पाकिस्तान. त्या चित्रपटातली लग्नाची गाणी तुम्ही पडद्याबरोबर म्हणत होतात. तुमच्या आजीने ती पलीकडून, बोरिशालहून आणली होती. घटकांवर ‘भडक’ असा शिक्का मारणाऱ्यांनी त्या वेळी तुमच्या शेजारी बसायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. ढाक्यात जन्मलेल्या त्या माणसाने फाळणी कधी मान्यच केली नाही, आणि ते दुःख हळू आवाजात सांगण्यासारखं नव्हतंच.

त्यांचा पहिला चित्रपट ‘नागरिक’ १९५२ साली पूर्ण झाला आणि प्रदर्शित झाला १९७७ मध्ये. घटक त्याच्या आदल्याच वर्षी, पन्नाशीत गेले होते. ‘मधुमती’ची कथा त्यांची, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असतं? साठच्या दशकात ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. पुढे दिग्दर्शक झालेले मणी कौल, कुमार शहानी आणि मल्याळी जॉन अब्राहम (आजचा हिंदी नट नव्हे) हे त्यांचे विद्यार्थी. पुणेकरांनी याचा अभिमान अजून मोठ्याने सांगायला हवा.

दीदी, मानधनाचा विषय काढला तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे. ‘तितास एकटि नदीर नाम’ अजून राहिलाय. तुम्ही कोलकात्याहून परत आल्याशिवाय आम्ही तो लावणार नाही.

आपला कृतज्ञ,
गटातला एक प्रेक्षक